अर्धा ताका आणि बेंजो

आमच्या घरात बेंजो आला तो माझ्यासाठी, वाजवला तो बाबांनी, आणि भोगलं ते मल्हारगंजातल्या आमच्या अख्ख्या गल्लीनं. हे आधीच सांगून टाकते, कारण तिथले जुने लोक आजही भेटले की माझ्याकडे असं बघतात, जणू तारा मीच छेडल्या होत्या.

बेंजो म्हणजे एक लांबट लाकडी खोकं. वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हातानं बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्यानं तारा छेडायच्या. नववीत असताना मी हट्टानं तो मागून घेतला, पंधरा दिवस क्लासला गेले, एक गाणं अर्धं शिकले आणि कंटाळले. बेंजो कपाटावर गेला तो मी बी.कॉम.ला जाईपर्यंत खाली आलाच नाही. आईनं मात्र जुन्या परकराचं छान कव्हर शिवलं होतं त्याला. पाहुणे आले की ती कपाटाकडे बोट दाखवून सांगायची, "हिला वाजवता येतं हं." पाहुणे भले होते बिचारे, वाजवून दाखव असं कुणी म्हणालं नाही.

बाबा कपडा मिलमध्ये सांचाखात्यात. सांचे म्हणजे माग. शेकडो सांचे एकदम चालायचे, खडाखड खडाखड, त्यात माणसाचं बोलणं काय ऐकू येणार! म्हणून तिथं सगळा कारभार हातांच्या खुणांनी चालायचा. पंजा वर केला की थांब. दोन बोटं ओठांशी नेली की चहा. आणि दोन्ही हात पुढे धरून, झोपलेलं मूल उचलावं तसे वर नेले, की ताका पुरा झाला, उतरवून घ्या. ताका म्हणजे विणून झालेल्या कापडाची गुंडाळी. या खुणा आमच्या घरातही चालायच्या. आई भाताचं पातेलं उतरवायला मला बोलवायची तीही याच खुणेनं.

सव्वीस वर्षांत बाबांचे कान पार कामातून गेले. ते ओरडून बोलायचे, म्हणून आम्हीही ओरडून बोलायचो. आमच्याकडे आज कसली भाजी आहे हे शेजाऱ्यांना कधी विचारावं लागलं नाही.

मग मिल बंद झाली. आधी एक शेजारची झाली होती, मग पलीकडची, त्यामुळे सगळे म्हणायचे की आता आपली. पण झाली तेव्हा भर पाळीत वीज गेली, सांचे जिथल्या तिथं थांबले, आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं. त्या दिवशी बाबा वेळेआधीच आले. जेवताना म्हणाले, "अर्धा ताका सांच्यावरच राहिला."

आई पोळी वाढत म्हणाली, "उद्या पुरा करा की."

तिला अजून कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांनी सांगितलं तेव्हा पोळी तव्यावर करपून गेली होती.

तीन दिवस बाबा घरात नुसते बसून. चौथ्या दिवशी वैतागून म्हणाले, "अगं, या घरात काही वाजतच नाही!"

"कुकर वाजतो की," आई म्हणाली.

"मला नाही ऐकू येत."

त्याच दुपारी त्यांनी स्टुलावर चढून बेंजो खाली काढला, परकर सोडला आणि धूळ फुंकली. मला म्हणाले, "शिकव." मी मला येत होतं ते अर्धं गाणं शिकवलं. म्हणजे पाव तासात माझी विद्या संपली. पुढे त्यांच्या हाती एक आकड्यांची पुस्तिका लागली, कोणत्या सुराला कितव्या नंबरचं बटण ते सांगणारी. बाबा खूश. म्हणाले, "हे तर मशीनच आहे!"

तिथंच घोटाळा झाला. मशीन म्हटल्यावर बाबा जोर लावणारच. बटणं अशी दाबायचे की टोप्या उडायच्या. 'प' तीनदा उडाला, एकदा तर वरणात सापडला. तारा ते सांच्यावरच्या ताण्याच्या उभ्या धाग्यांसारख्या खेचून बांधायचे. आणि वाजवायचे ते सांच्याच्या चालीनं. कोणतंही गाणं द्या, बाबांच्या हाती ते पाळी सुटायच्या आत संपवायचं काम व्हायचं.

पण संपायचं मात्र कधीच नाही! त्याचं कारण असं. सांचाखात्यात धागा तुटला की सांचा तत्काळ थांबवायचा, हा पहिला धडा. तुटका धागा तसाच पुढे गेला तर सगळ्या कापडात दोष उतरतो. बाबांनी तोच नियम बेंजोला लावला. एक सूर चुकला की पंजा वर, काम बंद, पुन्हा पहिल्यापासून. आमच्या गल्लीनं सहा महिने कितीतरी गाण्यांच्या पहिल्या ओळी ऐकल्या. दुसरी ओळ कुणाच्याच नशिबी नव्हती.

खाली पोह्यांचं दुकान होतं. त्याचे मालक म्हणजे गल्लीचे भिया, आमच्या हिंदी मुलखातल्या बोलीत दादा. गणपती मंडळाचे अध्यक्ष तेच आणि मंडळाचा माइक त्यांच्याच गादीखाली. ते खालून हाक मारायचे, "काकासाब, आगे का भी सुना दो कभी! मेरी तो उमर निकल री है!"

बाबांना ऐकू जायचं नाही. ते खिडकीतून हात हलवून दाद स्वीकारायचे.

त्यात भर म्हणून मिलमधले दोन काका येऊ लागले. एक ढोलकवाले. त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत होते, त्यामुळे भजन असो की लावणी, काकांच्या हातून लेफ्ट-राइटचा कदमतालच निघायचा. दुसरे झांजवाले, ते डोळे मिटून वाजवायचे. तिघंही सारखेच बहिरे. एकमेकांचं ऐकणं शक्य नव्हतं म्हणून एकमेकांचे हात बघून ताल धरायचे, आणि झांजवाले काका डोळे मिटून घेत असल्यामुळे ते आपले एकटेच कुठेतरी पुढे निघून जायचे.

सूर लागला की नाही हे कळणार कसं? तर माझी नेमणूक झाली तपासायला. मी समोर बसायचं आणि बेसूर झालं की बोट वर करायचं. मी कितीदा बोट वर केलं याला गणतीच नाही. माझी कॉलेजची परीक्षा तोंडावर, मैत्रिणी नव्या नव्या कॉम्प्युटर क्लासला जायच्या, आणि मी आपली तीन बहिऱ्यांसमोर बोट वर करून बसलेली. एकदा माझं डोकंच फिरलं.

"बाबा, पुरे झालं! होऊ द्या ना चूक! एक गाणं तरी शेवटपर्यंत न्या!"

मी रागानं नेहमीच्या दुप्पट ओरडले होते, म्हणून पहिल्यांदाच त्यांना सगळं नीट ऐकू आलं. त्यांनी बेंजो मांडीवरून बाजूला ठेवला.

"एक ताका राहिलाच आहे गं तिथं," ते म्हणाले. "अजून तसाच असेल सांच्यावर. धूळ खात. आता जे करीन ते पुरं उतरवीन. आणि चोख उतरवीन."

मी पुन्हा बोट घेऊन बसले.

गणपती आले. गल्लीच्या मंडपात कार्यक्रम ठरत होते. लहान मुलांचा डान्स, फॅन्सी ड्रेस, आणि त्या वर्षीचं खास आकर्षण म्हणजे राऊ गावाहून येणारा कीबोर्डवाला. नवीन बाजा, एकदम फॉरेनचा. एक बटण दाबलं की ढोलक, दुसरं दाबलं की बासरी, तिसरं दाबलं की अख्खी वरात! भिया त्याचं कौतुक करून थकत नव्हते. बाबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, आमचंही एक भजन ठेवा. मिलच्या गणपतीत दरवर्षी म्हणायचो ते.

भियांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकीकडे बाबांचं वय, दुसरीकडे सहा महिन्यांचा अनुभव. शेवटी म्हणाले, "काकासाब, कीबोर्डवाला वायर जोडेल तेवढा टाइम तुमचा. पण एक शर्त. पूरा सुनाना. बीच में रुके, पंजा वर गेला, की माइक बंद. मग पुढच्या साली पण नाही."

बाबांनी मान डोलवली. घरी येऊन मला विचारलं, "शेवटी काय म्हणाला तो?" मी सांगितलं. त्यांनी लगेच बेंजो मांडीवर ओढला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तार तुटली. बेंजोला सुराच्या दोन तारा असतात, त्यातली एक. मी म्हटलं, कृष्णपुऱ्याकडे जाऊन नवीन आणते. बाबांना तो अपमान वाटला. तुटलेलं जोडायला सांचाखात्याचा माणूस बाजारात जाईल? त्यांनी तारेला विणकराची गाठ मारली. ही गाठ इतकी बारीक बसते म्हणे, की कापडावर बोट फिरवूनही सापडत नाही. कापडावर नसेल सापडत, पण तारेवर ती प्रत्येक सुराला झर्रर्र करायची, बरणीत भुंगा अडकावा तशी. बाबांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या मते गाठ बेमालूम होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडप भरला. मागे भिंतीला टेकून मिलचे लोक उभे होते, चाळीसेक तरी असतील. कुणी आता भाजीची गाडी लावायचं, कुणी चौकीदारी करायचं, कुणी काहीच नाही. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. मी समोर पहिल्या रांगेत, आई बायकांच्या बाजूला. राऊचा कीबोर्डवाला कोपऱ्यात वायरी सोडवत होता. भियांचा हात माइकच्या बटणावर, आणि चेहऱ्यावर सगळं आत्ताच आटोपणार अशी खात्री.

सुरू झालं. पहिली ओळ बरी गेली, ती काय, गल्लीला पाठच होती. लोक आपणहूनच म्हणू लागले. मग दुसरी ओळ आली आणि खरं सांगते, मंडपात टाळ्या पडल्या! बाबांना वाटलं काहीतरी चुकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सूर तर दोन कुठेतरी गेलेच होते, झांजवाले काका दीड ओळ पुढे होते, ढोलक परेड करत होता आणि गाठ झर्रर्र करत होती. माझं बोट सवयीनं उठायला लागलं. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिले.

तिसऱ्या ओळीला कडाक् झालं. गाठीची तार तुटली. तिचं टोक उडून बाबांच्या मनगटाला लागलं, म्हणून त्यांना ते कळलं.

तार तुटली. म्हणजे धागा तुटला. बाबांचा डावा हात बटणांवरून सुटला आणि वर जायला लागला. ढोलकवाले काका त्या हाताकडेच बघत होते, त्यांची थाप हवेत थांबली. भियांची बोटं माइकच्या बटणावर आवळली. मी मनात ओरडत होते, नाही बाबा, नाही, नाही. हात छातीपर्यंत आला. तिथं थांबला. बाबांनी त्या हाताकडे असं पाहिलं जसं तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मग त्यांनी तो खाली बटणांवर आणून ठेवला.

उरलेल्या एका तारेवर ते पुढे वाजवू लागले. गाठ गेल्यामुळे झर्रर्र थांबलं होतं आणि, देवाशपथ, सहा महिन्यांत पहिल्यांदा बेंजो बेंजोसारखा वाजत होता. चौथी ओळ. ध्रुवपद. 'प'ची टोपी उडाली, ती समोरच्या काकूंच्या ओटीत पडली. बाबा टोपीशिवाय खिळाच दाबत राहिले. झांजवाले काका कधीचे संपवून डोळे मिटून बसले होते. ढोलकवाल्यांनी शेवटी सावधान-विश्राम वाजवलं. आणि भजन संपलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चुकांसकट, सगळं.

बाबांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. त्यांनी बेंजो मांडीवरून उचलला. मग तो दोन्ही हातांवर पुढे धरला आणि झोपलेलं मूल उचलावं तसा वर नेला.

मागे भिंतीशी उभ्या लोकांना कळलं. त्यांच्यातल्या एकानं तसेच रिकामे हात वर केले, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. आमच्या गल्लीतल्या बाकीच्यांना वाटलं हा गणपतीला नमस्कार आहे, त्यांनीही केले. मी मात्र ढसाढसा रडत होते.

बायकांच्या बाजूनं आई उठली. रांगेतून वाट काढत ती स्टेजवर चढली, पदर कमरेला खोचला आणि पातेलं उतरवून घ्यावं तसा बाबांच्या हातांवरून बेंजो आपल्या हातांवर घेतला. बाबा काहीतरी पुटपुटले. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि आमच्या घरच्या सवयीनं ओरडली, "झाला हो! पुरा झाला!"

भिया माइक बंद करायचं विसरले होते, त्यामुळे ते सगळ्या मल्हारगंजानं ऐकलं.