माझ्या बेढब ठिगळाचे ठसे

भुताखेतांवर, जिन्नांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी मेकॅनिक माणूस. विचित्र आवाज आला की कुराणातली आयत म्हणण्याआधी बोल्ट बघतो. तेव्हा पुढचं वाचून हसू आलं तर खुशाल हसा... इथे अजमानच्या फ्लॅटमध्ये माझी मुलंही हसतात.

गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा अमिरात हे नावसुद्धा नव्हतं. मी बावीस वर्षांचा, मामूंच्या लॉरीवर. मामू म्हणजे आईचे सख्खे भाऊ, दाभोळचे. दुबईहून बुरैमीमार्गे पुढे तेल शोधणाऱ्यांच्या कॅम्पला आम्ही पीठ, पाणी, डबे पोचवायचो. पलीकडच्या डोंगरात बंडखोर ओमानच्या सुलतानाशी लढत होते — समोरासमोर नाही. गुपचूप खाली उतरायचे, वाटेवर सुरुंग पुरायचे आणि डोंगरात गडप. त्याच आठवड्यात एका जीपचं चाक आम्हाला वाटेपासून बरंच लांब पडलेलं दिसलं होतं. जीप कुठे होती, ते मामूंनी मला बघू दिलं नाही.

म्हणून मामूंचा कायदा एकच — "ताज्या चाकोरीत चाक घालायचं. आपल्या आधी कुणीतरी जिवंत गेलंय ना? मग त्याच्याच मागे."

आता माझा पराक्रम. निघायच्या आदल्या दिवशी मी एका फाटक्या टायरला गरम रबराचं ठिगळ लावलं. ते असं काही जमलं, की टायरवर मुठीएवढा उंचवटा आला — थेट काजूच्या आकाराचा, आणि चाकू घसरल्यामुळे एक टोक तुटलेला.

"इब्राहीम, टायर दुरुस्त केलास की सांदण फुगवलंस?" मामू म्हणाले.

तो टायर स्पेअर म्हणून टाकला. बुरैमीला मुक्काम केला, रात्रभर वारा होता. सकाळी बघतो तर मागचं डावं चाक बसलेलं. नाइलाजाने काजूवाला टायर चढवला. म्हणजे त्या ठिगळाचा वाळूला पहिला स्पर्श त्या सकाळी, आमच्या डोळ्यांसमोर. हे लक्षात ठेवा.

सोबत वाटाड्या सईद. वाळवंटातला बद्दू माणूस, उंटाचा ठसा बघून उंट कुणाचा ते सांगायचा. मुंबईला जाऊन आल्यामुळे मोडकं हिंदी बोलायचा.

नऊच्या सुमारास, लख्ख उन्हात, मामूंनी ब्रेक मारला. वाऱ्याने वाळू इस्त्री केल्यासारखी झाली होती. वाट दाखवायला ठेवलेली रिकामी पिपं सरळ पुढे जात होती. पण आमच्या समोरून ताजी चाकोरी निघाली होती आणि एका काटेरी झाडाला वळसा घालून डावीकडे गेली होती. आमच्या मागे मात्र आमच्याशिवाय कुणाचा ठसा नाही. जणू कुणी लॉरी वरून अलगद तिथे आणून ठेवली होती.

"पिपं सरळ गेलीत. हा कोण शहाणा डावीकडे वळला?" मामू म्हणाले.

"बंडखोरांचाच डाव असेल, मामू. आपल्याला तिकडे न्यायचा."

सईद उतरला. ठशांपाशी उकिडवा बसला. मग उठून आमच्या मागच्या चाकापाशी गेला, परत ठशांपाशी आला.

"रफीक," तो मामूंना म्हणाला, सगळ्या दोस्तांना तो असंच म्हणायचा, "ये तुम्हारा गाडी है."

"मेरा गाडी इधर खडा है, बाबा!" मामू म्हणाले.

त्याने मला बोट करून दाखवलं. मी उतरलो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाळूत एक काजू... टोक तुटलेला. जगात दुसऱ्या कुणालाही इतकं वाईट ठिगळ लावता येणार नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

सरळ जावं की डावीकडे? चुकलो तर आमचंही चाक कुणाला तरी लांब कुठे सापडणार.

मामू स्टिअरिंगवर चढून बसले. मग म्हणाले, "गाडी आपली, तर चाकोरीही आपलीच. बिस्मिल्ला. यल्ला, चढ."

दोनेकशे पावलांचा वळसा असेल. झाडामागून ठसे पुन्हा पिपांच्या वाटेला लागले आणि तिथेच संपले. पुढे कोरी वाळू.

इकडून कुणी जाऊ नये म्हणून सईदने सरळ वाटेच्या दोन्ही तोंडांना दगड रचले. कॅम्पवर मामूंनी एवढंच सांगितलं, की तिथली वाळू उकरल्यासारखी वाटली. खरं सांगून नोकरी कोण घालवणार? दुसऱ्या दिवशी शिपायांनी तिथून ताटाएवढे दोन सुरुंग काढले. एक डाव्या चाकाच्या रेषेत, एक उजव्या.

"तुम्ही वळलात कसे?" त्यांच्या गोऱ्या साहेबाने मला विचारलं. माझं तेव्हाचं सगळं इंग्रजी पणाला लावून मी म्हणालो, "सर... टायर."

मुलगा म्हणतो, "डॅड, यू मस्ट हॅव गॉन इन अ सर्कल." अरे, चक्कर मारून परत आलो असतो, तर त्या पहिल्या फेरीचे वळशाच्या आधीचे आणि नंतरचे ठसे कुठे गेले?

फक्त एक सांगतो. त्या दिवशी कॅम्पवर पोचल्या पोचल्या मी चाकू काढला आणि तो उंचवटा तासायला बसलो. मामूंनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "आपल्याला परत याच वाटेने जायचंय."