अण्णांचं मशीन आणि निळी वायर

म्हातारे जिथे कॉम्प्युटर वापरतात, तिथे किस्से की-बोर्डमधल्या धुळीसारखे साचतात. आम्ही दुकानातली पोरं अजून भेटलो की तेच उकरत बसतो.

मी इंजिनीअरिंग अर्धवट सोडलं आणि लालबागला अण्णांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात चिकटलो. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

*

अण्णांचा धाकटा भाऊ बबन मंडळांचे बोर्ड रंगवायचा. त्याच्या अक्षरांचा अण्णांनी फॉन्ट बनवून घेतला. बबनकाका गेला, अक्षरं एका सॉफ्टवेअरच्या फाइलीत राहिली. ती फाइल दुसरीकडे कुठेच उघडत नाही. कंपनीने सोयच तशी केलेली.

बबनकाकाने अक्षरं काढून दिलेले मूळ कागद? अण्णांनी रद्दीत घातले. "कॉम्प्युटरमध्ये आहे ना आता!"

*

ते सॉफ्टवेअर टाकताना भलामोठा इंग्रजी करार आला होता. वाचला होता का, मी विचारलं.

"एवढी मोठी कंपनी. ती आपल्याला कशाला फसवेल?"

गिरणीत कामाला होते तेव्हाही हे लोक मालकाबद्दल हेच म्हणत होते.

*

शेजारचे सावंतकाका, मंडळाचे खजिनदार. गणपतीचे सगळे जुने फोटो त्यांनी नेटवर ठेवले, मग मोबाइल नंबर बदलला. अकाउंट लॉक. तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करा, असं कंपनी म्हणाली. काकांनी नगरसेवकाचं पत्र अपलोड केलं, 'सदर इसमास मी ओळखतो.' उत्तर नाही. मग शिक्का मारून परत अपलोड केलं.

फोटो अजून तिथेच आहेत. काका इथे.

*

अण्णांचं जुनं व्हर्जन कंपनीने बंद केलं. नेट लागलं की संपलं, म्हणून मी नेटची निळी वायर काढून खिळ्याला टांगली आणि कुणी हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं.

दसऱ्याला मशीन चालू ठेवून पूजा करायची, ही अण्णांची पद्धत. सावंतकाकांनी मॉनिटरला झेंडूची माळ घातली. सणाच्या दिवशी वायर लोंबकळलेली बरी दिसत नाही म्हणून ती जागच्या जागी खोचली. आरती संपेपर्यंत अपडेट उतरला. नवीन व्हर्जन दर महिन्याला पैसे मागत होतं, आणि जुनी फाइल ओळखत नव्हतं.

मी काकांवर तोंड सोडलं. अण्णांनी माझ्या हातात पेढा ठेवला. "सणाला ओरडू नये."

*

मग अण्णांनी कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे मराठी मुलगी होती, फार गोड बोलणारी. "काका, तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेतलं नव्हतं. फक्त वापरायची परवानगी घेतली होती."

अण्णांनी विचार केला. "बरं. सॉफ्टवेअर तुमचं. आमच्या बबनची अक्षरं तेवढी काढून द्या."

ती तसा ऑप्शन नाही म्हणाली. मग नियमाप्रमाणे विचारलं, आणखी काही मदत करू का?

अण्णांनी तिचं नाव विचारलं. वृषाली. वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर ते पेन्सिलीने तिचं नाव लिहायला लागले. लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं.

"थांब हं पोरी. बबनचा 'ष' कसा होता, तेवढं आठवू दे."

तिने फोन ठेवला नाही.