चिमटीतलं तेल

वडिलांची जुनी मोटरसायकल मी परळच्या ज्या मिस्त्रींकडे नेतो, ते इंजिनातल्या तेलाचा रंग बघतच नाहीत. दोन थेंब चिमटीत घेतात, डोळे मिटून चोळतात आणि सांगतात, “आतून झिजतंय,” नाहीतर, “बिनधास्त पळव.” आजवर कधी चुकले नाहीत.

परवा मात्र बराच वेळ नुसतेच चोळत राहिले. दुसरा हात तापलेल्या सायलेन्सरला टेकला होता, तेही त्यांना कळलं नाही. मीच तो ओढला.

“शुगरनं बोटं बधिर केलीत,” ते म्हणाले. मग ते तेल माझ्या बोटांना लावलं. “कचकच लागते काय रे?”

लागत होती. लोखंडाचा बारीक कीस होता. मी तसं सांगितलं.

फडक्याला एकेक बोट पुसत ते म्हणाले, “मला पण तेच वाटलेलं.”