रडायला कांडप

आमच्या आबांनी मला दोनच गोष्टी शिकीवल्या. म्हसरं धुवायची आन् रडायचं न्हाय. "मराठ्याचं प्वार हाईस. बाईगत रडतंय काय!" शाळा चौथीत सुटली, पर ह्यो धडा पाठ झाला.

आबा ऐन उन्हाळ्यात गेलं. सगळी भावकी माझ्या डोळ्याकडं बघत उभी. मी कोरडा ठाक. चुलता खूश हुन म्हणला, "दादाचा वाघ हाय ह्यो!" वाघ उठून म्हसरं धुवाय गेला. पंधरा दिसांनी बायकोनं वर्साच्या चटणीची मिरची कुटून आणाय मला मंगळवार पेठंत कांडपाच्या गिरणीत धाडलं. तिथं मिरचीचा असला खकाणा, समद्यांचं डोळं गळत्यालं. मी कोपऱ्यात बसलो आन् आबांसाठनं पोटभर रडून घेतलं.

कांडपवाला म्हणला, "पावणं, भाईर बसा की. तिखाट सोसंना व्हय?"

"न्हाय न्हाय, बरं वाटतंय," म्हणलो.

मग सवयच लागली. म्हैस मेली, चल कांडपाला. लेक सासरी गेली, चल कांडपाला. घरात चटणी एवढी साठली की शेजारी इचारायचं, "दुकान काढताय का?"

गेल्या साली बायकोच्या छातीत गाठ लागली. रिपोर्ट तीन दिसांनी मिळणार हुता. मी उठून पिशवी हुडकाय लागलो. "मिरची हाय का गं शिल्लक?"

"अवं, आखाडात कोण मिरची कांडतंय? बसा हितं." बसलो. "मला भ्या वाटतंय. तुमास्नी काय वाटतंय?"

"मला? आता चटणी कोण करंल, ह्येचं वाटतंय."

एरवी हसली असती. तोंड फिरवून बसली. ह्येला माझं कायबी न्हाय, असंच वाटलं तिला. तिथं माझी तंतरली. शाळंच्या दाखल्यावर जात लिवलीया, पर तिच्याखाली 'रडू नये' असं कुठं लिवलंय? आन् लिवलं असलं तरी मला कुठं धड वाचाय येतंय!

"मलाबी लई भ्या वाटतंय गं," म्हणलो आन् जो हंबरडा फोडला!

"अवं हळू! शेजारी म्हणतील, मी गेलेच." ती रडत रडत हसाय लागली. माझा हात काय सोडंना.

तिसऱ्या दिशी डॉक्टर म्हणलं, "गाठ साधी आहे. काळजीचं कारण नाही." मी तिथंच भोकाड पसारलं. डॉक्टरांनी घाबरून कागद परत वाचला.

"तुमचं काय चुकलं न्हाय, डॉक्टर," बायको म्हणली. "ह्ये नवीन नवीन शिकल्यात."