आंबा घाटातली दोघांची खोली

तुमचे आई-बाबा वेगळे राहायला लागले, त्याच्या आधीच्या डिसेंबरातली ही गोष्ट आहे. तुम्हा दोघांच्या कॉलेजच्या परीक्षा होत्या म्हणून तुम्ही आला नाहीत, ते दोघेच पंधरा दिवसांसाठी रत्नागिरीला आले होते. तेव्हा मी काय केलं आणि काय करू शकले नाही, ते लिहून ठेवते आहे. ते तुमच्यासमोर तोंडी मांडणं मला जमायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. ते भांडत नव्हते. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तुमचा बाबा चहा घेऊन पडवीत बसला की तुमची आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ यायची, आणि तो आत आला की तिला बाहेर काहीतरी आठवायचं. एकमेकांना लागणाऱ्या गोष्टी ते माझ्यामार्फत मागायचे. "आई, त्याला विचारा, चार्जर कुठे ठेवलाय." तो दहा पावलांवर बसलेला असायचा. एका संध्याकाळी मी त्यांना मुद्दाम भाट्याच्या किनाऱ्यावर पाठवलं. अर्ध्या तासात दोघे परत आले, आणि दोघांच्या हातांत आपापला फोन होता.

तुम्हाला माहीत आहे, मला कुठलीही गोष्ट कागदावर मांडल्याशिवाय सुचत नाही. मी डायरी काढली आणि योजना आखली. शनिवार-रविवार, दोन दिवस, डोंगरात, दोघेच. महाबळेश्वर लांब पडलं असतं आणि तिथे गर्दी. आंबा घाट आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, थंडी चांगली, जंगल जवळ. तिथल्या एका रिसॉर्टचा नंबर मिळवून मी फोन केला. पलीकडे एक बाई होती, आवाज फार उत्साही.

"मॅडम, आमचं कपल पॅकेज आहे. कॉटेज, कँडल लाइट डिनर, रूम डेकोरेशन, केक. हनिमून की अ‍ॅनिव्हर्सरी?"

"अ‍ॅनिव्हर्सरी," मी म्हटलं. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात असतो.

"वा! सर किती वर्षांचे? म्हणजे म्युझिक त्याप्रमाणे लावतो."

"माझा मुलगा आहे तो. मी बुकिंग करते आहे."

ती म्हणाली, "अय्या, किती गोड!" मी फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते.

आता प्रश्न होता त्यांना सांगायचं कसं. मी मुंबईत नन्सच्या शाळेत शिकले, इंग्रजी घेऊन पदवी घेतली. हेच पत्र म्हणून लिहायचं असतं तर चार ओळींत लिहिलं असतं: तुमच्यात काहीतरी बिनसलंय, दोन दिवस एकत्र घालवा, बोला. पण आपल्या घरात सासूने सुनेसमोर उभं राहून असं म्हणायची पद्धत नाही. मीही कधी मोडली नाही. तुमचे आजोबा आणि मी लग्नानंतर चाळीस वर्षांत दोघेच असे कुठे गेलो नाही. गेलो ते लग्नामुंजीला, नाहीतर देवाला.

म्हणून मी देवीला मधे घातलं. तिथेच चुकले.

रात्रीची पानं वाढताना म्हटलं, "धाकट्याच्या जन्माच्या वेळी मी अंबाबाईला नवस बोलले होते, की मुलगा-सून जोडीने येऊन ओटी भरतील. राहूनच गेलंय. या शनिवारी कोल्हापूरला जाऊन या. वाटेत आंब्याला मुक्काम करा म्हणजे दगदग होणार नाही. मी खोली सांगून ठेवली आहे." आणि वेळापत्रकाचा कागद तुमच्या बाबापुढे ठेवला. साडेसहाला निघणे, पाली, साखरपा, आंबा, खोलीवर सामान टाकून कोल्हापूर, ओटी, दर्शन, संध्याकाळी परत खोलीवर. रविवारचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवला होता.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं, जमलं.

मी असं काही बोललेच नव्हते, हे तुम्हाला सांगायला हवं. देवीच्या नावावर मी खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची आत्याआजी आली. माझी धाकटी नणंद ती, तीन घरं सोडून राहते, एकटी. ओटीसाठी मी खण, नारळ, हळकुंडं काढून ठेवली होती, ती तिने पाहिली.

"कुणाची ओटी?"

सांगावं लागलं.

"धाकट्याच्या वेळी बोललात? अहो वहिनी, त्याच्या वेळी तर मी महिनाभर इथे तुमच्याजवळ होते. मला कसं ठाऊक नाही?"

"मनात बोलले होते."

"असं होय. मनातलं तेवढं आमच्यापासून लपवायचं!" ती हसली, आणि पाटावर टेकून म्हणाली, "मग मीही जाते त्यांच्याबरोबर. सात वर्षं झाली अंबाबाईचं तोंड बघून. या मेल्या गुडघ्यांनी एसटीने जाणं काही होत नाही. गाडीत जागा आहे, तुमचा मुलगा चालवणार, दोघं तर आहेत. मी मागे पडून राहीन, माझा त्रास नाही व्हायचा."

मला काय म्हणता आलं असतं? देवीला निघालेल्या माणसाला आपल्याकडे कुणी नको म्हणत नाही, ते पाप मानतात. आणि खरं सांगितलं असतं, तर दुपारच्या आत आळीतल्या सगळ्या घरांना कळलं असतं की आमच्या मुला-सुनेचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, "थंडी फार असते हो तिकडे, वन्सं."

"कानटोपी आहे की माझी," ती म्हणाली.

मग मी पुन्हा त्या उत्साही बाईला फोन केला.

"मॅडम, कपल पॅकेजमध्ये तिसरी पर्सन?" तिला कळेना. "एक्स्ट्रा बेड टाकू का कॉटेजमध्ये?"

"नको, नको! वेगळी खोली द्या. लांबची."

लांबची मिळाली, आणि तीच नडली.

शनिवारी सकाळी गाडी फाटकातून बाहेर पडली. पुढे तुमचा बाबा, शेजारी तुमची आई, मागे कानटोपी, घावनांचा डबा, थर्मास आणि आत्याआजी. मी हात हलवला. परत आत येऊन वेळापत्रकाची माझी प्रत घेऊन बसले. नऊ वाजता म्हटलं, आता घाट लागला असेल. करण्यासारखं माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती मंडळी परत आली. आत्याआजीचा चेहरा फुलला होता. दर्शन छान झालं होतं, गर्दी नव्हती, प्रसादाचा लाडू तिने माझ्या हातावर ठेवला. मग खोलीची हकीकत सुरू झाली.

"वहिनी, काय ती मोठी खोली! आणि गादीवर गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या, वाटीभर नाही, सूपभर! मी म्हटलं, एवढी फुलं फुकट घालवतात का? गादीवरची, देवाला तर चालायची नाहीत. म्हणून सगळ्या गोळा करून आणल्या. गुलकंद होईल." तिने प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातात दिली.

"पण तुमची खोली तर वेगळी होती ना?"

"छे हो! ती कुठे टोकाला, रानाला लागून. तिथला माणूसच सांगत होता, संध्याकाळी गवे येतात म्हणून. मी एकटी कशी निजणार? सूनबाई शहाणी पोर, म्हणाली, आत्या, तुम्ही माझ्याजवळ झोपा. याला पाठवला त्या टोकाच्या खोलीत. आणि केक आणला होता हो त्यांनी, बिनअंड्याचा. मेणबत्त्या लावून आम्ही तिघांनी खाल्ला."

तुमची आई बॅगेतून कपडे काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी मी तुमच्या बाबाला पडवीत गाठलं. त्याच्या आत्येबद्दल काहीतरी पुटपुटले, की मला तिला अडवायला हवं होतं, सगळा बेत फिसकटला.

"आई," तो म्हणाला, "ओटी भरायला जाणाऱ्यांना केक कोण देतं?"

मी त्याची रिकामी कपबशी उचलली.

"आम्हाला त्याच रात्री कळलं होतं, तू कागद पुढे ठेवलास तेव्हा. खरं तर आम्ही तुला सांगायलाच आलो होतो. वेगळं व्हायचं आम्ही ऑक्टोबरातच ठरवलंय. पहिल्या दिवशी सांगायचं होतं, जमलं नाही. मग तू इतक्या हौसेने सगळं आखलंस. ती म्हणाली, आईंसाठी जाऊन येऊ."

"माझ्यासाठी?"

"हो. आणि आत्याला न्यायला मीच हो म्हटलं. तीही खूश झाली."

"पण दोघेच गेला असतात तर? बोलला असतात..."

"बोललो ना. आत्या पोथी वाचत बसली होती तेव्हा. तासभर बाहेर बसलो होतो, समोर सगळी दरी. खूप दिवसांनी नीट बोललो."

मला आशा वाटली. खोटं कशाला लिहू? तेवढ्यावरही वाटली. "काय बोललात?"

"मुलांना कसं सांगायचं ते. एप्रिलमध्ये त्यांचं वर्ष संपलं की सांगू. तोपर्यंत तू त्यांना काही बोलू नकोस, आई. परीक्षा आहेत त्यांच्या."

आतून तुमच्या आईने विचारलं, "आई, पोहे भिजवू का?" मी भिजव म्हटलं. कपाळावर हात मारून घ्यावा, रडावं, हट्ट करावा, यातलं काहीच मला करता येईना. दोघेही माझ्याशी इतके चांगले वागत होते.

ते परत गेले त्यानंतरच्या रविवारी तुम्हा दोघांचा व्हिडिओ कॉल आला. थोरलीने हसत विचारलं होतं, "आजी, तू म्हणे आई-बाबांना रोमँटिक ट्रिपला पाठवलंस? कशी झाली?" धाकटा मागून शिट्टी वाजवत होता. तुम्ही दोघे किती खूश दिसत होतात.

छान झाली, मी म्हटलं. खूप थंडी होती म्हणाले, पण छान झाली.