चपलांपाशी प्लूटो

"तू रेघेभाईर हो. चपलांपाशी थांब. घरचंच काम हाय की तुज्या!"

विज्ञानाचे सर हे सगळ्या शाळेसमोर बोलले आणि सगळी शाळा खिदळली. माझा बाप म्हसवडच्या स्टँडबाहेर चपला शिवायचा. सरांच्याही.

मी सातवीत होते. विज्ञान दिनाला मैदानावर सूर्यमाला उभी करायची होती. कबड्डीच्या फक्कीनं गोल रेघा आखल्या. मधोमध सूर्य म्हणून संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. कारखान्याच्या संचालकाचा पोरगा गुरू. सरांची लेक शनी, कमरेला पुठ्ठ्याचं कडं. घराणी बघून ग्रह वाटले होते. काय ती विद्वत्ता! प्रत्येकानं आपल्या ग्रहाबद्दल दोन वाक्यं बोलायची.

मला प्लूटो मिळाला होता. त्या दोन वाक्यांसाठी मी आठवडाभर वाचनालयातलं नवीन पुस्तक वाचत होते. बापानं पुठ्ठ्याचा गोल कापून त्याला पाच चंद्र शिवून दिले. माझं ऐकायला तो काम सोडून आला होता, कुंपणापलीकडे उभा होता.

पाहुणे आले आणि सरांना आठवलं, "प्लूटो आता ग्रह न्हाई. त्याला आपली वाट मोकळी करता आली न्हाई." वाट मोकळी करायची म्हणजे वाटेतल्यांना गिळायचं, नाहीतर हाकलून द्यायचं. ज्याला हे जमलं तो ग्रह, बाकीचे बटू. सरांना ही व्याख्या फार आवडली होती. आवडणारच.

सरस्वतीची पूजा होती, म्हणून पाहुण्यांनी चपला रेघांबाहेर काढल्या. त्या ढिगाशेजारी मी, छातीशी पाच चंद्र धरून. लाज वाटली नाही असं खोटं सांगणार नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापानं मान खाली घातलेली मला दिसली.

नेपच्यून झालेला पोरगा घोकलेलं बोलला, "मी शेवटचा ग्रह." टाळ्या. सर म्हणाले, "संपली सूर्यमाला."

माझं डोकं फिरलं. पाहुण्यांच्या चपला गेल्या खड्ड्यात. रेघ तुडवून मी नेपच्यूनच्या पुढं, आत जाऊन उभी राहिले.

"अगं ए, रेघ पुसली! भाईर हो!"

"न्हाई सर. प्लूटो नेपच्यूनची रेघ वलांडून आत येतो. एका फेरीत वीस वर्सं आतच असतो. त्येला पाच चंद्र हाईत. आन् त्येच्या पल्याड एरिस हाय, अजून लय जगं हाईत."

सरांना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. त्यांनी कानफटात दिली. मी हलले नाही. कुंपणापलीकडे बापानं मान वर केली होती.

आज मी माधवनगरला विज्ञान शिकवते. परवा त्याच सरांचा फोन आला. आता निवृत्त झालेत, तरी शाळेचा विज्ञान दिन अजून त्यांच्याच हातात. आवाजात नुसतं तूप.

"विज्ञान दिनाला पाहुणी म्हणून ये. तसलीच सूर्यमाला करतोय. तू आमच्या शाळेचा तारा हायस."

"चपलांपाशी कोण, सर?"

"आसंल की एखादी पोरगी. त्येचं काय एवढं?"

एवढ्या वर्षांत हा माणूस तसूभर हलला नाही. मी म्हणाले, "येते. त्या पोरीला हाताला धरून रेघेच्या आत आणते. आणि तुमी मला काय बोलला हुता, ते माईकवर शब्दन् शब्द सांगते."

फोन कट झाला. निमंत्रणपत्रिका काही आली नाही.

तरी मी जाणार आहे. रेघ तुडवत, चपला पायात घालून.