वाळूच्या दगडावर चुकलेला घाव

मी चौथी नापास. पण दगड मला वाचता येतो, हे मी चारचौघांत छाती काढून सांगत आलो. चाळीस वर्षं काळा दगड घडवला. त्यामुळे मुलाने जर्मनीत एर्लांगेनजवळच्या खेड्यात शेतकऱ्याचं जुनं दगडी घर भाड्याने घेतलं आणि म्हणाला, "आप्पा, हे घर जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं आहे, विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही," तेव्हा मी त्याला म्हटलं, "तू मला दगड शिकवतोस?"

अंगणाकडच्या दारावरच्या आडव्या दगडाची एक कड खाली आलेली. मुलाचं डोकं दोनदा आपटलं. एके दिवशी सगळे गेल्यावर मी गावाहून आणलेली छिन्नी लावली. घाव घातला तो काळ्या दगडाला घालतात तसा, दणकून. आणि हा पिवळा, वाळूचा दगड. छिन्नी आत घुसली, दगड कट्‌कन वाजला. खालपासून वरपर्यंत चीर गेली.

मी छिन्नी खाली ठेवली. वर दोन मजल्यांची भिंत. नात चारला येणार, आणि ती या दारातून कधी चालत येत नाही, धावत येते.

स्टूल घेऊन मी दारातच बसलो. मधूनच वाळू गळायची, टाळूवर, मानेत. वाटायचं, पडलाच तर माझ्यावर पडो.

चारला फाटक वाजलं. पोर धावत सुटली.

"तिथंच थांब!" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती थबकली. "आबा, वारुम?" का म्हणून विचारायचं तर ती जर्मनमध्येच विचारते.

मागून सून आली. "अहो आप्पा, उठा ना, भूक लागलीय तिला."

"भिंतीपासून लांब ने तिला. वरचा दगड फुटलाय."

सुनेने वर पाहिलं. "जुनी असेल हो चीर. या घरात सगळीकडे आहेत."

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण चीर किती खोल गेली ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

"माझ्या हातून फुटला," मी म्हटलं. "घाव चुकला माझा."

ती झटकन पुढे आली. पोरीला उचलून फाटकापाशी गेली, तिथून फोन लावला. तासाभराने मुलगा घरमालकाला घेऊन आला. म्हाताऱ्या मालकाने गोठ्यातून दोन वासे आणून टेकू दिला, चिरीत नख घालून पाहिलं आणि मुलाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?"

"काही नाही, आप्पा."

"सांग."

"विचारतोय, कोणत्या गाढवाने केलं हे."

 मी स्टुलावरून उठलो आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.